पिशवीखालचं कणीस

रब्बी ज्वारीचा संकरित वाण थंडीत टिकतो की नाही, हे कागदाची एक पिशवी सांगते. कणीस निसवलं की फुलोरा यायच्या आत त्यावर पिशवी चढवायची आणि तोंड घट्ट बांधायचं. बाहेरचा पराग आत शिरत नाही. दाणा धरायचा तर कणसाला स्वतःच्या परागावरच धरावा लागतो. दोन-तीन आठवड्यांनी पिशवी काढून दाणे मोजायचे. हैदराबादला राजेंद्रनगरच्या भारतीय भरडधान्य संशोधन संस्थेत किंवा पटनचेरूच्या इक्रिसॅटमध्ये ज्वारीवर काम करणाऱ्या कुणालाही यात नवं काही नाही. बियाण्याला पैसे मोजणाऱ्याला मात्र हा आकडा कुणी दाखवत नाही.

गरज का, ते सरळ आहे. संकरित ज्वारीची आई नर-वंध्य असते. बापाकडून येणारं जनुक पुढच्या पिढीच्या परागात पुन्हा जीव आणतं. १९६४ साली सीएसएच १ आला तो याच जोडणीवर, आणि खरिपात ती जोडणी चालली. रब्बीत गोष्ट वेगळी. कणीस पोटरीत असताना रात्रीचा पारा दहा अंशांच्या खाली गेला की त्या जनुकाचं काम अडखळतं. पराग तयार होतो, पण निर्जीव. सगळ्याच संकरितांचं असं होत नाही. बाप कोणता निवडला, यावर ते ठरतं. म्हणून तर वाणागणिक मोजायला हवं.

क्विंटलच्या आकड्यात ही खोट दडून राहू शकते. चाचणीच्या रानात बरेच वाण शेजारी-शेजारी उभे असतात. ज्वारीचा पराग वाऱ्यावर जातो. ज्याचा स्वतःचा पराग मेला आहे, ते कणीसही शेजाऱ्याच्या परागावर भरतं. वजनकाट्यावर दोन्ही दाणे सारखेच. शेतकऱ्याच्या रानात चार एकर एकच वाण असतो, एकाच आठवड्यात फुलोऱ्यात आलेला, एकाच रात्री गारठलेला. त्याला पराग देणार कोण?

हे मी परभणी जिल्ह्यात मामांच्या रानात पाहिलं आहे. परतीचा पाऊस लांबला, पेरणी ऑक्टोबरच्या मध्यापलीकडे गेली. बियाणं दुकानातून आणलेलं संकरित. ज्वारी पुरुषभर वाढली, पानं हिरवीगार. फुलोऱ्यातल्या ज्वारीला सकाळी टिचकी मारली की तळहातावर पिवळी भुकटी पडते. तिथे काही पडत नव्हतं. केसर पांढुरके, सुकलेले. संक्रांतीला गेलो तेव्हा एक कणीस हातावर चोळलं. तूस निघालं, दाणे मोजून सात-आठ. बाकीच्या फुलांत चिकटा शिरलेला, बोटं चिकट झाली.

मामा एवढंच म्हणाले, ‘‘बांधाकडं जाऊन बघ.’’ बांधालगतच्या चार-पाच ओळी गच्च भरलेल्या होत्या. वाण तोच, बियाणं त्याच पिशवीतलं, रात्रही तीच. बांधापलीकडे शेजाऱ्यांची मालदांडी होती. तिचा पराग जिथवर पोचला तिथवर दाणा होता.

त्या पेरणीत गेली ती वर्षाची एकुलती एक ओल होती. रब्बी ज्वारीला दुबार पेरणी नाही. जमिनीत मुरलेलं पाणी एकदा वापरलं गेलं की जानेवारीत काळीला भेगा पडतात आणि विषय संपतो. हैदराबादने कोरडवाहू ज्वारीसाठी बरीच वर्षं एका गुणावर मेहनत घेतली आहे: दाणा भरताना पाणी तुटलं तरी पान हिरवं राहावं. हे काम मोलाचं आहे. तसं ताट लोळत नाही, खडखड्याला लवकर बळी पडत नाही. पण कणसात दाणाच धरला नसेल तर त्या हिरव्या पानाने अन्न पाठवायचं कुठे? अवर्षण सोसण्याच्या आधी थंडी सोसावी लागते. मामांच्या रानात पान हिरवं होतं आणि कणीस रिकामं.

बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती छापलेली असते. ज्वारीला किमान ७५ टक्के, असा दंडक आहे. शुद्धतेचे टक्के असतात, चाचणीची तारीख असते. रब्बीच्या संकरितावर त्याखाली आणखी एक ओळ हवी: इतक्या अंशांच्या रात्री, कागदी पिशवीखाली, इतके टक्के दाणे भरले. थंडी दरवर्षी सारखी पडत नाही, हे खरं. त्यासाठी परभणी, राहुरी, सोलापूर इथे आठवड्याच्या अंतराने पेरण्या कराव्यात. कुठली ना कुठली पेरणी गारठ्यात सापडेल. भरडधान्य संस्थेचं रब्बी ज्वारीचं केंद्र सोलापुरात आहेच. खर्च कागदाचा आणि मजुरीचा. आणि जो वाण या कसोटीला उतरत नाही, तो मराठवाड्यात विकायला परवानगी देऊ नये.

मामांनी त्यानंतर संकरित पेरलं नाही. त्यांच्या रानात आता मालदांडी ३५-१ असते, १९३०च्या दशकात मोहोळला गावरानातून निवडलेली. ती सरळ वाण आहे, तिच्या परागाला दुसऱ्या कुणाच्या जनुकाचा टेकू लागत नाही. उतारा बेताचा पडतो, हे त्यांना ठाऊक आहे. हंगामाच्या तोंडावर दुकानात गेले की ते अजून नव्या वाणांची चौकशी करतात. थंडीत दाणा धरतो का, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. दुकानदार पिशवी उलटीपालटी करून बघतो आणि उगवणशक्ती वाचून दाखवतो.