डायरेक्ट करून देतो!

परवा पुतण्या नांदेडहून आमच्याकडे हिंगोलीला आला. दारात गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, चावी फिरवली आणि इंजिन लगेच बंद पडलं. "काका, टर्बो टायमर गेला वाटतं," तो म्हणाला.

गाडीची चावी फिरवल्यावर इंजिन बंद पडलं यात बिघाड कसला, हेच मला कळेना. मग मास्तरांचीच शिकवणी झाली. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या जोरावर टर्बोचं चाक फिरतं आणि इंजिनात जास्त हवा कोंबतं. ही युक्ती जुनीच. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूकी यांनी तिचं पेटंट १९०५ साली घेतलं. हे चाक मिनिटाला लाखावर फेरे घेऊ शकतं. गाडी जोरात पळवून आल्या आल्या इंजिन बंद केलं, की टर्बोकडे जाणारं ऑइल थांबतं आणि तापलेल्या बेअरिंगपाशी करपतं. म्हणून चावी काढल्यावरही हा टायमर इंजिन मिनिटभर चालू ठेवतो.

ओळखीच्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं वायर तपासून सांगितलं, "गुरुजी, टायमर चांगलाय. हँडब्रेक ओढल्याचं त्याला कळंना गेलंय. ती वायर डायरेक्ट अर्थ करून देतो. पाच मिनिटांचं काम!"

मी विचारलं, "पण ती वायर तिथं दिलीय कशाला?"

हँडब्रेक ओढलेला नसेल, तर टायमरनं इंजिन चालू ठेवू नये म्हणून! ती वायर डायरेक्ट केली, की हँडब्रेक विसरला तरी इंजिन चालूच. चुकून गिअर राहिला आणि क्लच सोडला, तर गाडी पुढे उडी घेणार. आमच्या अंगणात नातवंडं खेळत असतात. मी साफ नाही म्हणालो.

मग नीट पाहिलं. हँडब्रेक ओढूनही डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागत नव्हता. उत्तर समोरच होतं, पाहिलं कुणी नव्हतं! हँडब्रेकखालच्या स्विचमध्ये धूळ बसली होती. साफ केल्यावर दिवा लागला, टायमरही चालू झाला. मग पायाचा ब्रेक दाबून हँडब्रेक सोडून पाहिला. इंजिन लगेच बंद. आता खात्री पटली. नवा टायमर लागला नाही, गेला तो अर्धा तास.

मिस्त्रीला तरी किती दोष द्यायचा? घाई आपल्यालाच असते. फ्यूज उडाला की जाड तार घालतो, सीटबेल्टचा आवाज नको म्हणून नुसतंच बक्कल अडकवतो. इशारा देणाऱ्याचं तोंड बंद केलं, की आपल्याला दुरुस्ती झाल्यासारखी वाटते. वर्गात प्रश्न विचारणाऱ्या पोराला खाली बसवण्यातलाच हा प्रकार. तोही मी कधीकाळी केला आहे, हे कबूल करतो.

असो. टायमर नसला तरी लांबून आल्यावर मिनिटभर गाडीत बसून राहावं आणि मग चावी फिरवावी. तेवढा वेळ आपल्याकडे नक्कीच असतो. आणि मंडळी, आपल्या घरात काय काय 'डायरेक्ट' करून ठेवलंय, तेही एकदा पाहून घ्या.