पंख अकरावीतच कापू नका!

आठ मार्चला अभिलाषा बराकचा फोटो तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या स्टेटसला असतो. खाली 'नारीशक्ती', दोन-तीन इमोजी आणि चोवीस तासांत सगळं गायब! फोटो जरूर ठेवा. पण ती तिथवर पोचली कशी, हे कधी वाचलंय का?

अभिलाषा हरियाणाची. वडील लष्करात कर्नल, त्यामुळे बालपण छावण्यांमध्ये गेलं. २०१३ मध्ये मोठ्या भावाची पासिंग आऊट परेड पाहिली आणि आपल्यालाही हाच गणवेश घालायचाय हे तिनं ठरवलं. २०१६ मध्ये दिल्लीत बी.टेक. केलं, काही काळ अमेरिकेत नोकरीही केली. ती सोडून आली आणि २०१८ मध्ये लष्करात अधिकारी झाली. तोवर आर्मी एव्हिएशनमध्ये महिलांना जमिनीवरचंच काम होतं. २०२१ मध्ये उड्डाणाचं दार उघडलं, तेव्हा १५ महिला अधिकारी पुढे आल्या. चाचण्या आणि मेडिकलनंतर निवड झाली फक्त दोघींची. २५ मे २०२२ रोजी अभिलाषाला 'विंग्ज' मिळाले आणि ती लष्कराची पहिली महिला लढाऊ हेलिकॉप्टर वैमानिक झाली.

हे विंग्ज मिळाले कुठे? नाशिकला! आर्मी एव्हिएशनचं ट्रेनिंग स्कूल तिथंच आहे. आणि पुण्यात खडकवासल्याला एनडीए. तिथून मुलींची पहिली तुकडी ३० मे २०२५ रोजी बाहेर पडली, १७ जणी. आता पुणे-नाशिक हायवे डोळ्यांसमोर आणा. मंचर, नारायणगाव, आळेफाटा. म्हणजे आपले आंबेगाव आणि जुन्नर हे तालुके या दोन ठिकाणांच्या बरोब्बर मधे आहेत. अंतराचा प्रश्न नाहीच.

मग अडतं कुठे? माझं स्पष्ट मत आहे, आपल्याकडे मुलीचं विमान अकरावीच्या फॉर्मवरच उतरवलं जातं. एनडीएतून हवाई दलात जायचं, तर बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स लागतात. पदवीनंतर एएफकॅट देऊन वैमानिक व्हायचं, तरी बारावीत या दोन्ही विषयांत किमान ५० टक्के हवेत. पदवी मग बी.ए.ची असली तरी चालते! पण दहावीनंतर मॅथ्स सुटलं की तो रस्ता बंद. आणि हे सांगणारं कोणी भेटेपर्यंत बहुतेक जणी एस.वाय.ला पोचलेल्या असतात.

घरच्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण जरा वाडीवस्तीवर जाऊन बघा. फिजिक्स-मॅथ्सचा क्लास मोठ्या गावात, तोही संध्याकाळी. परतीची एसटी वेळेवर येईलच असं नाही. फाट्यावरून घरापर्यंत दोन्ही बाजूंना ऊस आणि उसात बिबट्या. अशा वेळी आई म्हणते, "नको बाई ते सायन्स, आर्ट्सच घे." तिचं चुकतंय असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही. पण त्याच घरातल्या मुलाला त्याच क्लाससाठी बाइक मिळते, हेही खरंच ना?

अभिलाषाची मेहनत कमी लेखायची नाही, पण तिला वाट घरातच दिसली होती. ओतूर-घोडेगावच्या मुलीला ती कोणीतरी दाखवावी लागणार. राज्य सरकारनं मुलींना एनडीएसाठी तयार करणारी संस्था नाशिकला सुरू केलीय. दहावीनंतर तिथं प्रवेश मिळतो. तुमच्या शेजारच्या दहावीतल्या मुलीला हे माहीत आहे का? विचारून बघा.

कॉलेजांनीही मनावर घ्यावं. महिला दिनाला रांगोळी स्पर्धा घ्या, पण मॅथ्सचे जादा तास दिवसाउजेडी, कॉलेजातच घ्या. मुली शेवटच्या एसटीच्या आत घरी पोचतील असं वेळापत्रक करणं काही रॉकेट सायन्स नाही.

आणि तुम्ही? बी.एस्सी.ला असाल, तर रविवारी सकाळी दोन तास गल्लीतल्या एका मुलीला गणित शिकवा. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असाल आणि बारावीत हे दोन विषय घेतले असतील, तर एएफकॅटची जाहिरात स्वतःसाठी वाचा. फ्लाइंग ब्रँचसाठी वयाची अट २० ते २४ आहे. म्हणजे तुमचंच वय!

गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन यांनी १९९९ मध्येच कारगिलच्या युद्धात हेलिकॉप्टर उडवलं. तेव्हा आपल्यापैकी बरेच जण जन्मलेही नव्हते. इतक्या वर्षांनंतरही आपण 'पहिली महिला' एवढ्यावरच टाळ्या वाजवणार असू, तर कौतुक पुरे झालं. यंदा मे-जूनमध्ये घरात कुणाचा अकरावीचा फॉर्म भरला जाईल, तेव्हा शेजारी बसा. 'तिला काय करायचंय गणित' असं कोणी म्हणालं, तर गप्प बसू नका.