किसुमूच्या किनाऱ्यावर राबणाऱ्यांचे मागणीपत्र

प्रति,
किसुमू कौंटी सरकार व शहर मंडळ

आम्ही व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी मासळी विकणाऱ्या, वाळवणाऱ्या, तळून देणाऱ्या बायका, होडीवाले आणि न्यालेंडा, मन्याट्टा, ओबुंगा या वस्त्यांतले रहिवासी. विकासाला आमचा विरोध नाही. 1901 साली रेल्वे इथवर आली, तेव्हापासून हे शहर बंदराच्या जोरावर वाढले. बंदर पुन्हा गजबजावे असे आम्हालाही वाटते. पण किनाऱ्याचे काय करायचे हे ठरते तेव्हा आम्हाला कोणी बोलावत नाही आणि पाडकामाला यंत्रे येतात तेव्हा समोर आम्हीच उभे असतो.

केनियाच्या 2010 च्या राज्यघटनेने 47 कौंट्या निर्माण केल्या. बाजार, कचरा, पाणीपुरवठा, मलनिस्सारण ही कामे त्यांच्याकडे सोपवली. कलम 196 नुसार कौंटी विधानसभेने लोकांना कामकाजात सहभागी करून घेतलेच पाहिजे. कलम 184 शहराच्या कारभारातही रहिवाशांचा सहभाग सांगते. तेव्हा ही मेहेरबानीची याचना नाही.

आमची सर्वात मोठी मागणी: आधी पर्यायी जागा, मगच पाडकाम. बंदराचे नूतनीकरण झाले तेव्हा ल्वांगनी किनाऱ्यावरच्या मासळीच्या खानावळी पाडल्या गेल्या. एका खानावळीवर होडीवाला, मासे साफ करणारी, कोळसेवाला, मक्याच्या पिठाची उगाली शिजवणारी अशी किती तरी पोटे अवलंबून असतात. जागा गेली की गिऱ्हाईक पांगते, दिलेली उधारी बुडते आणि नवे भांडवल कोणी देत नाही. म्हणून पर्यायी जागा पाण्यालगतच हवी. तिथे ओटे, नळ आणि सांडपाण्याची मोरी आधी तयार असावी. लाभार्थींची यादी किनाऱ्यावर लावून हरकती मागवाव्यात. धंदा जिचा, गाळा तिच्याच नावावर व्हावा. नवऱ्याच्या किंवा भावाच्या नको.

ओमेना हा बोटाएवढा चंदेरी मासा. रात्री दिव्यांच्या उजेडात तो पकडतात आणि सकाळी जमिनीवर जाळी अंथरून आम्ही तो उन्हात पसरतो. पावसाची एक जोरदार सर आली की माणसांच्या ताटातला हा मासा कोंबड्यांच्या खाद्याच्या भावाने द्यावा लागतो. जमिनीपासून उंच मांडव आणि वर पारदर्शक छप्पर एवढ्याने हे नुकसान बरेच टळेल. मोठ्या प्रकल्पांच्या हिशेबात हा खर्च किरकोळ आहे.

पाण्याचेही तसेच. सरोवराकाठी राहूनही आमच्या वस्त्यांत पिण्याचे पाणी वीस लिटरच्या कॅनने विकत घ्यावे लागते. शहराला डुंगा किनाऱ्याजवळून मिळणारे पाणी सरोवराच्या विनाम आखातातले असते, आणि सांडपाणीही अखेर त्याच उथळ आखातात उतरते. त्यावर जलपर्णी माजते, होड्या अडकतात, जाळी फाटतात. यंत्राने ती कितीही उपसली तरी मैला येणे थांबेपर्यंत ती पुन्हा वाढणारच. म्हणून वस्त्यांतल्या मलवाहिन्यांना सुशोभीकरणाच्या आधी पैसा मिळावा. 2020 मध्ये सरोवर चढले आणि काठच्या घरांत पाणी शिरले. पूररेषा आखताना त्या घरांतल्या माणसांना सोबत घ्यावे.

यासाठी लागणारा पैसा ठरतो ते कौंटीचे अंदाजपत्रक 30 एप्रिलपर्यंत विधानसभेत मांडायचे असते. त्याच्या किमान महिनाभर आधी प्रभागनिहाय तरतुदी लुओ व स्वाहिली भाषांत किबुये बाजारात आणि डुंगा किनाऱ्यावर लावाव्यात. सभा वस्तीतच घ्यावी, तीही दुपारी. पहाटे होड्या लागतात, तेव्हा मासळीवाली हलू शकत नाही. मे 2022 मध्ये आफ्रिकी शहरांच्या आफ्रिसिटीज परिषदेसाठी अख्ख्या खंडातून इथे पाहुणे आले, तेव्हा ठरलेल्या तारखेला शहर सज्ज होते. आमच्या कामांनाही तशीच तारीख बांधून द्यावी.

किनाऱ्याच्या जमिनीवरचे नियोजित प्रकल्प, त्यांचे नकाशे आणि बाधितांच्या याद्या आम्हाला द्याव्यात. माहिती मिळवण्याच्या 2016 च्या कायद्याप्रमाणे अशा अर्जाला 21 दिवसांत उत्तर द्यावे लागते. हे मागणीपत्र तोच अर्ज समजावा.