बेसल डोस की भेसळ डोस?

आमच्या सांगोल्याकडं बेसल डोसला बरेच जण 'भेसळ डोस' म्हणतात. इंग्रजी शब्द तोंडात बसला नाही म्हणून तसं झालं असेल. मीही आयुष्यभर तसंच म्हणत आलो आणि यंदा पहिल्यांदा त्या शब्दाचा अर्थ कळला.

झालं असं. हस्त बहाराची तयारी चालू होती. डाळिंबाच्या तीन एकराला डीएपी पाहिजे होतं, म्हणून तालुक्याच्या दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा, दहा वर्षांचा व्यवहार. म्हणाला, "मालक, डीएपी हाय, पण दोन गोण्यांमागं ही एक घ्यावी लागंल. शंभर टक्के ऑर्गॅनिक हाय, झाडाला चांगलंच हाय." मी म्हटलं, नको असली तर? "मग डीएपी पण मिळायची न्हाई. आम्हालाबी वरनं तसंच लावून येतंय."

सहा गोण्या डीएपीमागं तीन गोण्या गळ्यात पडल्या. ४० किलोची गोणी, ८५० रुपयांना. डीएपी मशीनवर अंगठा लावून, आधार नंबर टाकून, पक्क्या पावतीवर मिळालं. ऑर्गॅनिकच्या तीन गोण्यांचा हिशेब मात्र कोऱ्या चिठ्ठीवर पेनानं लिहून दिला. त्यावर ना दुकानाचं नाव, ना बॅच नंबर.

घरी आल्यावर गोणी नीट बघितली. पुढच्या बाजूला हिरवं पान, गांडूळ, लक्ष्मीचं चित्र आणि 'ऑर्गॅनिक', 'बायो', 'नैसर्गिक' असे तीन शब्द. पाठीमागं खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरात लिहिलेलं, 'सॉइल कंडिशनर'. नत्र किती, सेंद्रिय कर्ब किती, ओलावा किती, काहीच नाही. पोराला म्हटलं, बादलीत पाणी घे आणि दोन मुठी टाक. काळे गोल दाणे दहा मिनिटांत फुगले आणि विरघळले. वरचा काळा रंग पाण्यात उतरला, तळाला गुळगुळीत राखाडी चिखल बसला. काडीकचरा नाही, शेणाचा तंतू नाही. माती होती ती. बादली म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे, हे मान्य. पण शेतकऱ्याला माती ओळखता येत नसेल तर मग कुणाला येणार?

म्हणजे २५५० रुपये देऊन मी माझ्याच रानात दुसऱ्याची माती विकत आणली.

आता कुणी म्हणेल, कायदाच नाही तर काय करणार. तर मंडळी, कायदा आहे. खत नियंत्रण आदेश १९८५ चा आहे, तो जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली येतो. सेंद्रिय खतं आणि जिवाणू खतं त्यात २००६ साली आली. त्यात प्रत्येक प्रकाराला मोजमाप ठरवून दिलंय. गांडूळखतात सेंद्रिय कर्ब किमान १८ टक्के पाहिजे, नत्र किमान १ टक्का पाहिजे, ओलावा १५ ते २५ टक्क्यांच्या आत पाहिजे. शिसं, कॅडमियम, क्रोमियम असल्या जड धातूंना वरची मर्यादा आहे. शिसं किलोला १०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. गोणीवर काय छापायचं तेही ठरलेलं आहे: खताचं नाव, बनवणारा कोण, घटक किती, वजन, बॅच, तारीख, किंमत. दुकानदारानं साठा आणि भाव फलकावर लावायचा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला पावती द्यायची, हेही त्याच आदेशात आहे.

हे आकडे नुसते कागदावरचे नाहीत, आपल्या खिशाचे आहेत. ओलाव्याचंच बघा. ५० किलोच्या गोणीत २५ टक्के ओलावा म्हणजे साडेबारा किलो पाणी. तोच ४० टक्के असला तर २० किलो पाणी. खताच्या भावानं पाणी! आणि नत्राचा हिशेब तर प्रत्येकानं पाठ करून ठेवावा. १ टक्का नत्र असलेल्या ५० किलो सेंद्रिय खतात नत्र असतं अर्धा किलो. युरियाच्या ४५ किलोच्या २६६ रुपये ५० पैशांच्या गोणीत ते जवळपास २१ किलो असतं. म्हणून कुणी सांगत असेल की आमच्या ऑर्गॅनिकच्या एका गोणीत युरियाची ताकद आहे, तर तो एक तर खोटं बोलतोय, नाहीतर त्यानं आत युरिया मिसळलाय. चौथ्या दिवशी बाग हिरवीगार झाली की आपण खूश होतो. खरं म्हणजे तिथंच शंका यायला पाहिजे.

सेंद्रिय खत आपण नत्रासाठी घालतच नाही, कर्बासाठी घालतो. माझ्या रानाच्या माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.३५ टक्के आला. अर्ध्या टक्क्याच्या खाली म्हणजे कमीच. तो वाढला तर पाणी धरून राहतं, मुळी चालते, टाकलेलं रासायनिक खतही लागू पडतं. आमच्यासारख्या कमी पावसाच्या भागात हा जगण्याचा प्रश्न आहे. म्हणून या फसवणुकीत पैशापेक्षा बहार जास्त जातो. झाडाला खायला घातलं असं समजून आपण निवांत बसतो, आणि फळ लिंबाएवढं असताना कळतं की झाड उपाशी आहे. तोवर वेळ निघून गेलेली असते.

मग कायदा असून ही गोणी दुकानात पोचते कशी? पळवाट शब्दात आहे. गोणीवर 'सेंद्रिय खत' असं लिहिलं की तपासणी लागते, नमुना लागतो, नापास झालं तर गुन्हा लागतो. तेच 'सॉइल कंडिशनर', 'भूसुधारक', 'ग्रोथ प्रमोटर' असं लिहिलं की बनवणारा हात वर करतो, हे खत नाहीच! दुकानात मात्र ते खत म्हणूनच विकलं जातं, खताच्या थप्पीवरच ठेवलं जातं. त्यात आपल्या भाषेचाही गोंधळ. सेंद्रिय खत वेगळं, जिवाणू खत वेगळं. रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर, पीएसबी ही जिवाणू खतं, त्यांना जिवंत जिवाणूंची संख्या आणि वापरायची मुदत महत्त्वाची. आणि 'सेंद्रिय प्रमाणित' ही तिसरीच गोष्ट, ते प्रमाणपत्र शेतमालाचं असतं. गोणीवर हे सगळे शब्द एकत्र कालवले की वाचणाऱ्याला वाटतं सरकारनंच शिक्का मारलाय.

हे मी एकटाच म्हणत नाही. बायोस्टिम्युलंट नावाची जी टॉनिकं आपण फवारतो, ती २०२१ साली या आदेशाखाली आली. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनीच सांगितलं की, देशात अशी जवळपास ३० हजार उत्पादनं वर्षानुवर्षं बेधडक विकली जात होती, आणि तपासणी कडक केल्यावर आकडा सुमारे ६५० वर आला. जरा विचार करा, बाकीच्या बाटल्यांचे पैसे कुणाच्या खिशातून गेले? खताबरोबर दुसरा माल गळ्यात मारायचं हे लिंकिंग थांबवा, असंही त्यांनी त्याच महिन्यात राज्यांना कळवलं. माझी खरेदी त्यानंतरची आहे.

दुकानदाराला एकट्याला शिव्या घालून भागणार नाही, हेही सांगतो. २०२३ साली राज्य सरकारनं बोगस निविष्ठांविरुद्ध पाच विधेयकं आणली, तेव्हा कृषी सेवा केंद्रवाल्यांनी नोव्हेंबरात तीन दिवस दुकानं बंद ठेवली होती. त्यांचं म्हणणं होतं, आम्ही सीलबंद गोणी विकतो, आत काय आहे ते आम्हाला कसं कळणार? या म्हणण्यात तथ्य आहे. पण कोरी चिठ्ठी कंपनी देत नाही, दुकानदारच देतो. गोणी सीलबंद असली तरी पावती त्याच्या हातात आहे. ती दिली असती तर आज मी त्याच्या बाजूनं बोललो असतो.

आता दुसरी बाजू. आमच्या गावात बायकांचा बचत गट आहे, दहा-बारा जणी. शेण, पाचट, डाळिंबाची छाटणी यातून त्या गांडूळखत करतात. मी स्वतः दोन वर्षं वापरतोय. मुठीत दाबलं तर चहापत्तीसारखं मोकळं होतं. त्यांना गोणीवर नाव छापून तालुक्यात विकायचं होतं. गटाच्या अध्यक्ष ताई त्यासाठी तीन वेळा तालुक्याला गेल्या. परवानगी कुठली लागते, तपासणी कुठं करायची, खर्च किती, या प्रश्नांना तीन टेबलांवर तीन वेगळी उत्तरं मिळाली. शेवटी म्हणाल्या, "भाऊ, एका दिवसाची मजुरी बुडवून नुसतं आश्वासन घेऊन यायचं, परवडत न्हाई." त्यांचं खत आजही ओळखीवर, साध्या पोत्यातून गावातच जातं. मातीची गोणी तीन रंगात छापून तालुकाभर पोचली. ज्याला नियम पाळायचाय त्याच्या वाटेत काटे आणि ज्याला चुकवायचाय त्याला मोकळं रान, अशी ही व्यवस्था आहे. म्हणून नुसतं 'कायदा कडक करा' असं म्हणायला मी तयार नाही. उद्या कडक केलेला कायदा पहिल्यांदा ताईंच्याच पोत्यावर पडेल.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

एक, खताच्या दुकानात जी गोणी खत नाही, तिच्या पुढच्या बाजूला मोठ्या मराठी अक्षरात 'हे खत नाही' असं छापायला लावा. मग बघू लक्ष्मीचं चित्र कोण काढतंय.

दोन, खऱ्या सेंद्रिय खतावर सेंद्रिय कर्ब, ओलावा आणि नत्र-स्फुरद-पालाश हे आकडे मराठीत, पुढच्या बाजूला आणि चष्मा न लावता वाचता येतील असे पाहिजेत.

तीन, नमुने हंगामाच्या आधी काढा. कारवाईसाठी नमुना खत निरीक्षकानंच काढावा लागतो, आम्ही बाहेरून तपासून आणलेला कागद तिथं चालत नाही. मग निरीक्षकानं मे महिन्यात आणि बहार धरायच्या आधी सेंद्रिय गोण्यांचे नमुने काढावेत आणि पास-नापासची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. खत जमिनीत गेल्यावर आलेला अहवाल फाइल भरायला उपयोगी, शेतकऱ्याला नाही.

चार, बचत गटांना आणि छोट्या उत्पादकांना तालुक्यातच एका टेबलावर लेखी उत्तर आणि परवडेल अशी तपासणी द्या.

आणि आपण काय करायचं? पावती घ्यायची. तिच्यावर खताचं नाव, कंपनी, बॅच नंबर पाहिजे. गोणी रिकामी झाली तरी बहार संपेपर्यंत फेकायची नाही. थोडं खत बाजूला ठेवायचं. बियाण्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली सांगितलंय की शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक मंचाकडं दाद मागू शकतो. पण तिथं पहिला प्रश्न पावतीचाच येतो. माझ्याकडं चिठ्ठी आहे. म्हणजे माझ्याकडं काहीच नाही. चूक माझी, घाई होती, डीएपी हातचं जाईल ही भीती होती. ती भीतीच तर ते विकतात.

उरलेल्या दोन गोण्या न फोडता ठेवल्यात. तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या नावानं अर्ज लिहिलाय, नमुना काढा म्हणून. सोमवारी पोच घेऊन येतो. काय उत्तर मिळतं ते इथंच सांगेन, चांगलं असो की वाईट.

तोवर तुमच्या घरातली एक तरी गोणी उलटी करून बघा. पाठीमागच्या कोपऱ्यात काय लिहिलंय त्याचा फोटो टाका. दुकानाचं नाव नको, नुसतं लेबल. किती जणांच्या रानात किती माती गेलीय, ते तरी कळू द्या.