पाटी, पट्टा आणि पुळण

आमच्या घरापासून समुद्र चालत सात मिनिटांवर आहे. ठोंब्याला घेऊन निघालो तर तो बावीस मिनिटांवर जातो, कारण वाटेतल्या प्रत्येक विजेच्या खांबाची त्याला जातीने चौकशी करावी लागते. ठोंब्या हा आमचा कुत्रा. जात गावठी, वजन अठ्ठावीस किलो, वय नऊ. पावसाळ्यात आमच्याच जिन्याखाली तो सापडला तेव्हा माझ्या चपलेत मावत होता. आता चपला त्याच्या तोंडात मावतात.

समुद्राला लागून एक उद्यान आहे. नाव सांगत नाही. मला तिथे अजून फिरायचे आहे. उद्यान म्हणजे सिमेंटचे ठोकळे बसवलेली गोल वाट, बारा बाकडी, व्यायामाची पिवळी यंत्रे आणि प्लास्टरचा एक जिराफ. आतूनच वाळूवर उतरायच्या पायऱ्या आहेत. दुसरा रस्ता गटाराच्या कडेने जातो. फाटकावर पाटी आहे: 'थुंकू नये. फुले तोडू नयेत. कुत्र्यांना सक्त मनाई.' पाटीची भाषा नीट पाहा. थुंकणाऱ्यांना आणि फुले तोडणाऱ्यांना नुसती विनंती, 'सक्त' मात्र एकट्या कुत्र्याच्या वाट्याला. आजवर मी एकाही कुत्र्याला फुले तोडून पूजेच्या परडीत भरताना पाहिलेले नाही. परडीवाल्या आजोबांना रखवालदार रोज रामराम करतो. प्राण्यांपैकी आत प्रवेश मिळालेला फक्त तो जिराफ, आणि त्याचीही शेपटी कोणीतरी नेली आहे.

"काका, पाटी वाचली नाय काय?" पहिल्याच दिवशी रखवालदाराने विचारले.

"वाचली. पण आम्हाला बागेत थांबायचं नाही रे, खाली वाळूवर जायचंय."

"मग कुत्र्याला हितं बांधा नि तुम्ही जा."

म्हणजे धर्मराजाला स्वर्गाच्या दारात जे सांगितले गेले तेच! हिमालय चढून, भाऊ आणि बायको वाटेत गमावून बिचारा वर पोहोचतो, तर इंद्र म्हणतो, कुत्रा आत चालणार नाही. आपल्या परंपरेतला पहिला उद्यानरक्षक इंद्रच. फरक इतकाच, की धर्मराज अडून बसल्यावर तो कुत्राच यमधर्म निघाला आणि प्रकरण मिटले. ठोंब्याकडून मला तसली काही आशा नाही. त्याच्या अंगात कोणी देव असलाच तर तो जेवणाच्या वेळेपलीकडे प्रकट होत नाही.

मग मी कायद्याकडे वळलो. निवृत्त माणसाने कायद्याकडे वळणे ही घरच्यांच्या दृष्टीने धोक्याची घंटा असते. "आता दोन महिने जेवताना कलमं ऐकायची," असे म्हणून सौ.ने वरणाचे पातेले माझ्यापासून दूर सरकवले. पण सापडले ते कामाचे होते. १९७६ च्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ५१-क सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य मानते. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली जे प्राणी कल्याण मंडळ आहे, त्याने २०१५ साली पत्रक काढून सांगितले, की पाळीव प्राण्यांना बागांत सरसकट बंदी घालू नये. हवे तर वेळा ठरवून द्याव्यात. याची छायाप्रत घेऊन मी फाटकावर गेलो. रखवालदाराने ती उलटसुलट पाहिली, आदराने घडी घातली आणि खिशात ठेवली. म्हणाला, "सायबांना दावतो." साहेब येईपर्यंत कुत्रा बाहेर.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे. मला वाद जिंकायचा आहे, पण खोटे बोलून नव्हे. कुत्रा घाण करतो, हे खरे. मात्र ती उचलायची असते, आणि आम्ही उचलतो. माझ्या सदऱ्याच्या खिशात जिथे पूर्वी पेन असे तिथे हल्ली पिशव्या असतात. पण न उचलणारे महाभाग आहेत. गाडीतून उतरतात, दोन हजारांचा पट्टा लावलेला कुत्रा वाळूवर सोडतात, तो कार्यभाग उरकेपर्यंत क्षितिजाकडे कवीसारखे बघत उभे राहतात, आणि काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने निघून जातात. ती पाटी यांनीच लावून घेतली आहे. पैसे दुसऱ्याने दिले इतकेच.

दुसरा मुद्दा भीतीचा, आणि तिथे मी मान खाली घालतो. कुत्रा पाळणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य असते: "घाबरू नका, तो काही करत नाही." मराठी भाषेत याहून निरुपयोगी वाक्य नसेल. समोरच्याने ते ऐकेपर्यंत कुत्र्याने जे करायचे ते केलेले असते. ठोंब्या एकदा पट्ट्याशिवाय असताना चार-पाच वर्षांच्या एका मुलीकडे धावला. तिच्या हातात भेळ होती. चावला नाही, गुरगुरला नाही, फक्त भेळेला तोंड लावले. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, त्या वृत्तीने तिच्या आईने माझ्यामागे चटणी घेऊन धावावे, अशी माझी अपेक्षा असावी, कारण मी हसत हसत तेच वाक्य म्हटले. मुलगी वाळूत बसून थरथरत होती. रडतसुद्धा नव्हती. त्या दिवसापासून गर्दीत पट्टा सुटत नाही. तो काही करत नाही हे मला ठाऊक आहे. तिला कसे ठाऊक असणार?

पण म्हणून बंदी? समुद्रावर आणखी कोणकोण काय काय करते ते पाहा. लग्नाआधीचे फोटो काढणारी मंडळी रंगीत धूर सोडतात. कानठळ्या बसवणारा कर्णा घेऊन हास्यक्लब येतो. नारळ, हार, देवांच्या जुन्या तसबिरी भाविक लोक भरतीच्या हवाली करतात, आणि ओहोटी त्या परत आणून देते. यांतल्या कोणासाठीही 'सक्त' नाही.

गेल्या जानेवारीत आम्ही ठोंब्याला घेऊन दापोलीकडे गेलो. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव पाहिला. म्हणजे मी पाहिला. ठोंब्याने तो नाकाने ऐकला आणि एका टोपलीवर इतक्या एकाग्रतेने बोली लावली, की मला बांगडे विकतच घ्यावे लागले. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला चढून गेलो. सौ. आत गेली, तेवढा वेळ मी बाहेर पट्टा धरून बसलो. खाली माडांच्या राया, पलीकडे सुवर्णदुर्ग. एक म्हातारबुवा थांबले, ठोंब्याचे कान चोळले, "कुठचा म्हणायचा हा?" म्हणाले. मी मुंबईचा म्हटल्यावर त्यांनी सहानुभूतीने ठोंब्याकडे पाहिले.

आणि पुळण! मैलभर सपाट, ओली, सकाळी साडेसहाला रिकामी. पाटी नाही, फाटक नाही. आदल्या संध्याकाळी एक मोठी मोटार वाळूत हौसेने घातलेली आणि चाकांपर्यंत रुतलेली आम्ही पाहिली होती; भरती येत होती आणि गावकरी दोर आणत होते. चार चाकांना जिथे मुभा, तिथे चार पायांना का नको, म्हणून मी पट्टा सोडला. नऊ वर्षांचा ठोंब्या नऊ महिन्यांचा झाला. लाटेला भुंकला, लाट आली तेव्हा पळाला, खारे पाणी प्यायला, ओकला, पुन्हा प्यायला. मग वर सुक्या वाळूकडे गेला आणि दोन्ही पंजांनी खणू लागला. मी कौतुकाने फोटो काढत होतो.

"ओ काका! कुत्रा धरा आधी, कुत्रा धरा!"

काठी घेतलेला एक पोरगा धावत येत होता. विशी-बाविशीचा असेल. मी सवयीने तोंड उघडले, "घाबरू नकोस, तो काही—", आणि मिटले. त्याने बोट दाखवले. समुद्रापासून वर खणलेल्या जागेपर्यंत, ट्रॅक्टरचे चाक गेल्यासारखी खूण होती. मला ती खरोखर ट्रॅक्टरचीच वाटली होती. रात्री कासवाची मादी येऊन अंडी घालून गेली होती. ऑलिव्ह रिडले. पोरगा गुडघ्यावर बसला आणि हाताने वाळू काढू लागला. हात कोपरापर्यंत आत गेला तेव्हा पांढरे, पिंगपाँगच्या चेंडूसारखे पहिले अंडे दिसले. ठोंब्या एक वीतभर अलीकडे राहिला होता. मोजली तर अंडी शंभरावर भरली. ती त्याने टोपलीत खालीवर न करता ठेवली आणि कुंपण घातलेल्या जागी तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायला नेली. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले निघतील, म्हणाला. कोल्हा, डुक्कर, कावळा सगळेच टपलेले असतात, "पण काका, कुत्र्याचा तरास जास्त."

मला तो रागावला असता तर बरे झाले असते. त्याने ठोंब्याला पाणी पाजले.

"इथे पाटी का नाही रे लावत?" मी विचारले.

"पाटी कशी परवडेल? नि लावली तरी गाडीवाले वाचतात का?"

परतीच्या वाटेवर मी गप्प होतो. सौ.ला वाटले, बांगडे बाधले. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या फाटकावरची पाटी होती. जिथे सिमेंटचे ठोकळे, बारा बाकडी आणि बिनशेपटीचा जिराफ, तिथे कुत्र्याला सक्त मनाई; आणि जिथे शंभर जीव कोपरभर वाळूखाली झोपलेले, तिथे मोकळे रान. पाटी आहे. ती फक्त चुकीच्या जागी आहे.

माझी भाची इंग्लंडात समुद्राकाठी राहते. तिच्या गावची पाटी तिने मला फोनवर वाचून दाखवली. १ मे ते ३० सप्टेंबर, अमुक खांबापासून तमुक खांबापर्यंत कुत्रे नकोत. एरवी खुशाल आणा, घाण उचला, नाहीतर दंड. त्या पाटीत तारीख आहे, हद्द आहे, दंड आहे. 'सक्त' शब्द नाही, कारण त्याची गरज पडत नाही. आपल्याकडे नुसता 'सक्त' आहे, बाकीचे सगळे गाळले आहे. पहाटे पाच ते सात कुत्र्यांना मोकळीक, पुढे गर्दीत पट्टा, पिशवी नसेल तर पाचशे रुपये दंड, दुपारी बंदी (तापलेल्या वाळूवर तळहात ठेवून पाहा, मग त्याचे तळवे आठवा), आणि कासवांच्या पुळणीवर नोव्हेंबरपासून पिल्ले समुद्रात जाईपर्यंत कुत्राही नको नि मोटारही नको. एवढे लिहायला मोठी पाटी लागेल, हे मान्य. जिराफ काढला तर जागा होईल.

हे सगळे मी अर्जात लिहिले. शेवटी अशीही विनंती केली, की सदर पाटी कोकणातल्या एखाद्या पुळणीवर हलवावी. वाहतुकीचा खर्च मी सोसेन. सात आठवड्यांनी उत्तर आले. 'सदर फलक जडवस्तुसंग्रह नोंदवहीत नोंदलेला असल्याने हलवता येणार नाही. कुत्र्याबाबतचा मुद्दा स्वतंत्र अर्जाद्वारे मांडावा.'

तो स्वतंत्र अर्ज सध्या चालू आहे. पहिला मसुदा ठोंब्याने खाल्ला. तोवर आम्ही गटाराच्या कडेने जातो, पावणेसहाला. काल फाटकातून रखवालदाराने हाक मारली, "काका, साहेब आठवडाभर रजेवर हायत." आणि पायऱ्यांकडे पाठ करून तो जिराफाला पाणी घालू लागला.