पांढुर्ण्याने कोणाच्या विजयाचा आनंद मानावा?

२०२४ च्या मार्च महिन्यात नागपुरास रणजी करंडकाचा एक उपांत्य सामना झाला. एका बाजूस विदर्भ, दुसऱ्या बाजूस मध्य प्रदेश. पहिल्या डावात मध्य प्रदेशाने ८२ धावांची आघाडी घेतली, दुसऱ्या डावात यश राठोडने १४१ धावा काढून विदर्भाला सावरले आणि पाचव्या दिवशी विदर्भ ६२ धावांनी जिंकला. पुढे अंतिम सामन्यात मुंबईने विदर्भाला हरवले, त्यामुळे हा उपांत्य सामना पुण्या-मुंबईच्या वाचकाच्या स्मरणात असण्याचे कारण नाही. पांढुर्णा आणि सौंसर येथे मात्र तो अजून विसरला गेलेला नाही. आमच्या गावातील एका टपरीवर विदर्भाच्या विजयाचे पेढे वाटले जात असताना ओळखीच्या एका सद्गृहस्थांनी पेढा हाती घेऊन विचारले होते, ‘‘राहता भोपाळच्या राज्यात, रेशन खाता भोपाळचे, आणि पेढे नागपूरचे?’’

पेढा त्यांनी खाल्ला, ही गोष्ट वेगळी. पण तो प्रश्न तेव्हापासून नाना रूपांनी आमच्याकडे येतो आहे. कधी ‘ही फुटीर वृत्ती आहे’ असे म्हटले जाते, तर कधी ‘खेळात भाषा आणू नका’ असा सौम्य उपदेश केला जातो. त्याला एकदा नीट उत्तर देणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, आम्ही मध्य प्रदेशाच्या विजयावर रुसून बसलेलो नाही. २६ जून २०२२ रोजी बंगळुरूस मध्य प्रदेशाने मुंबईला सहा गडी राखून हरवले आणि रणजी करंडक प्रथमच जिंकला, तेव्हाही पांढुर्ण्यात फटाके वाजले होते. त्या संघाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित होते. याच मैदानावर १९९९ मध्ये मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून त्यांनी अंतिम सामना गमावला होता. याच पंडितांनी २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षी विदर्भाला करंडक मिळवून दिला, आणि त्यांतील पहिला विजय मिळाला तो चक्क इंदूरच्या होळकर मैदानावर. मुंबईचा एक मराठी माणूस दोन्ही राज्यांना जिंकवतो आणि त्याला कोणी ‘तू नेमका कोणाचा?’ असे विचारत नाही. सी. के. नायडू नागपुरात जन्मले, घरात तेलुगू बोलले, इंदूरच्या होळकर संघाचे नेते झाले आणि १९३२ मध्ये हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटी संघाचे कर्णधारही झाले. त्यांच्यावर नागपूरही हक्क सांगते आणि इंदूरही सांगते. मग दुहेरी आपलेपणाचा गुन्हा तेवढा पांढुर्ण्याच्या प्रेक्षकाचा का?

याचे मूळ क्रिकेटात नाही, १९५६ सालात आहे. त्याआधी नागपूर ही मध्य प्रदेशाचीच राजधानी होती. सौंसरचा मराठी शेतकरी आणि काटोलचा मराठी शेतकरी एकाच राज्याचे रहिवासी होते. राज्य पुनर्रचनेत सामान्यतः जिल्हा हा घटक मानला गेला. विदर्भाचे आठ जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा अखंड नव्या मध्य प्रदेशात राहिला. सिल्लेवानीच्या घाटावरचा मुलूख आणि घाटाखालचा मुलूख यांत बोलीचा, पिकांचा, सोयरिकीचा किती फरक आहे, हे पाहण्यास घाट उतरून येण्याची तसदी कोणी घेतली नाही. घाटाखालची संत्री आजही नागपुरी म्हणून देशभर विकली जातात आणि त्याला कोणाची हरकत नसते. संत्र्याला जे चालते ते माणसाला चालत नाही.

त्या आधीची चार वर्षे आठवावीत. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या वेळी महाराष्ट्र नावाचे राज्य नव्हते. खाशाबांचे गोळेश्वर मुंबई राज्यात होते, औरंगाबाद हैदराबाद राज्यात आणि नागपूर-सौंसर मध्य प्रदेशात. मराठी मुलूख तीन तुकड्यांत होता, म्हणजे एका अर्थाने तो लहानसा विभागलेला देशच होता. असे असूनही खाशाबांचे नाव या तिन्ही तुकड्यांत घरोघरी झाले. त्यांना हेलसिंकीस पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकले, ही हकिगत आमच्या आजोबांच्या पिढीने सांगितली ती मराठीत. पुढे १ मे १९६० रोजी तीनांपैकी बहुतेक भाग एकत्र आला आणि आम्ही मागे राहिलो. सीमा बदलली म्हणून खाशाबा आमचे राहिले नाहीत काय? त्यांच्या गौरवाचा मजकूर घाटाखालच्या मुलास आता हिंदी पुस्तकातील दोन ओळींत वाचावा लागतो, एवढाच फरक पडला. तोच फरक आम्हांस सर्वांत जास्त बोचतो.

‘खेळात भाषा आणू नका’ म्हणणाऱ्यांनी आयर्लंडकडे पाहावे. हा लहान देश १९२१ मध्ये विभागला गेला. दक्षिणेत स्वतंत्र राज्य झाले, उत्तर भाग ब्रिटनकडे राहिला आणि पुढे तेथे अनेक वर्षे रक्तपात झाला. फुटबॉलचे संघ दोन झाले, पण रग्बीचा संघ एकच राहिला. २०१८ मध्ये आयर्लंडने सहा राष्ट्रांच्या स्पर्धेत सर्व सामने जिंकले, तेव्हा कर्णधार होता उत्तरेचा रोरी बेस्ट. त्यांचे पारंपरिक खेळ सांभाळणारी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन १८८४ मध्ये स्थापन झाली आणि तिने बत्तीसही परगण्यांना आजवर एकच मैदान मानले आहे. १९६० मध्ये, म्हणजे आमच्याकडे महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, उत्तरेतील डाउन परगण्याने अखिल आयरिश फुटबॉल करंडक प्रथमच सीमेपलीकडे नेला. तेथे दोन सार्वभौम सत्ता आहेत, दोन चलने आहेत, दोन झेंडे आहेत. येथे एकच प्रजासत्ताक, एकच पारपत्र आणि एकच तिरंगा आहे. जे दोन देशांना जमते ते दोन जिल्ह्यांत केले की फुटीरता ठरते, हे तर्कशास्त्र आम्हांस कळलेले नाही.

आता भाषेकडे येऊ, कारण आमचे मुख्य म्हणणे तेथे आहे. ‘बल्लेबाज पगबाधा हुआ’ आणि ‘फलंदाज पायचीत झाला’ या दोन वाक्यांत घटना एकच आहे. पण ‘पायचीत’ या शब्दात कुस्तीच्या आखाड्यातले ‘चीत’ आहे. ‘गोलंदाज’ या शब्दात तोफखान्यावरचा गडी आहे. ‘त्रिफळा उडाला’ असे म्हणताना तीन काठ्या खरोखरच उडताना दिसतात. बाळ ज. पंडित यांच्या मराठी समालोचनाने हे शब्द रेडिओवरून शेतातल्या मचाणापर्यंत नेले. इंग्रजांचा खेळ मराठी माणसाने असा स्वतःच्या आखाड्यातून गाळून घेतला. घाटाखालचा आजचा मुलगा शाळेत ‘बल्लेबाज’ लिहितो, मैदानावर ‘बॅटिंग’ म्हणतो आणि ‘फलंदाज’ हा शब्द नागपूरहून येणाऱ्या वर्तमानपत्रात पाहून ‘हे कोण?’ असे आजीला विचारतो. (आजीला तो शब्द माहीत असतो, क्रिकेट माहीत नसते.)

कबड्डीचेही तेच. प्रतिपक्षाचे सर्व गडी बाद झाले की ‘लोण’ चढतो. आट्यापाट्यांच्या मैदानातही लोण आहेच, आणि आज देशभरच्या नियमपुस्तकांत तो ‘लोना’ म्हणून वावरतो. आमच्याच घरातून गेलेला शब्द हिंदीचे कपडे घालून परत आला तर त्याला ओळखू नये, अशी आमच्या शाळांची अवस्था आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ पांढुर्ण्याला लागून असलेल्या जिल्ह्यातले. या मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. आमच्या किती शिक्षकांना हे ठाऊक आहे? २०२५ च्या जानेवारीत दिल्लीस खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यांत नेपाळला हरवले. कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. ज्या खेळाने ‘खो घालणे’ हा वाक्प्रचार मराठीस दिला त्याचे हे यश. घाटाखाली ते किती कानांपर्यंत पोचले?

यावर कोणी म्हणेल की आम्ही भाषेची कुंपणे घालतो. तसे नाही. मराठी मुलुखात विटी-दांडू खेळताना मुले अनेक ठिकाणी ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असे मोजत आली. हे मराठी आकडे नव्हेत. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु हे तेलुगू आकडे आहेत. कोणत्या काळी कोणत्या वाटेने ते आले कोण जाणे, पण मुलांनी ते आपले म्हणून सांभाळले आणि कोणाही मराठी आईने मुलाला त्यासाठी मारले नाही. भाषा खेळातून अशीच येते-जाते. आमची तक्रार हिंदीच्या येण्याविषयी नाही; मराठीच्या जाण्याविषयी आहे.

बाहेरच्या जगाला आमचा एकच खेळ ठाऊक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा असतो, मारबत निघते; त्याच दिवशी आमच्या जाम नदीत पळसाचे झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. गोटमार हे त्याचे नाव निखळ मराठी आहे, आणि हिंदी वृत्तपत्रेही त्याला ‘गोटमार’च म्हणतात. दरवर्षी शेकड्यांनी माणसे जखमी होतात, पूर्वी जीवही गेले आहेत. परंपरेच्या नावाखाली त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. पण वर्षाचे ३६४ दिवस ज्यांना पांढुर्णा आठवत नाही, त्यांनी त्या एका दिवशी कॅमेरे घेऊन यावे आणि आमच्या रानटीपणावर निबंध लिहावेत, हेही आम्ही मान्य करणार नाही. नेम धरण्याचे, झेंड्यापर्यंत धावण्याचे, पाण्यात पाय रोवण्याचे बळ त्या पोरांत आहे. त्याला दुसरे मैदान कोणी दिले?

येथे दोष आमचाही आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. मराठीच्या नावाने चालणाऱ्या आमच्या मंडळांनी कविसंमेलने भरवली, शिवजयंतीच्या मिरवणुका काढल्या, निवेदने दिली. आट्यापाट्यांची नऊ पाट्यांची एक पटांगणी मात्र आम्हांला आखता आली नाही. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीस बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला तेव्हा आम्ही अभिनंदनाचा फलक लावला. त्या फलकाखाली बुद्धिबळाचा एक पटही मांडला नाही.

ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा आहे; सौंसर त्यातच आहे. आता ‘छिंदवाड्यास विचारा’ ही सबब उरलेली नाही. संविधानाचे कलम ३५०-क हे १९५६ च्याच सातव्या दुरुस्तीने आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची पुरेशी सोय करावी, असे ते राज्यांना सांगते. मध्य प्रदेशात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १२ लाख लोकांची मातृभाषा मराठी आहे. म्हणून जिल्हा प्रशासनाकडे आमचे मागणे असे की, मराठी वर्ग जेथे आहेत तेथे खेळाचा तास मराठीत घ्यावा, आणि जिल्हास्तरीय स्पर्धांचे निवेदन हिंदीबरोबर मराठीतही व्हावे. दोन्ही राज्यांच्या क्रीडा संघटनांकडे दुसरे मागणे आहे. नागपूर येथून सुमारे १०० किलोमीटर, सौंसरहून तर त्याहून जवळ. आमच्या महसुली विभागाचे ठिकाण जबलपूर मात्र सातपुड्यापलीकडे. सीमेवरच्या खेळाडूंना जवळच्या मैदानावर सराव करण्याची आणि मित्रत्वाचे सामने खेळण्याची मोकळीक दोघांनी मिळून द्यावी. निवड कोठून व्हायची ती नियमाने होवो.

तिसरे काम कोणाकडे मागण्याचे नाही. नरखेड आणि वरूड या शेजारच्या दोन तालुक्यांतील मंडळांना आम्ही या आठवड्यात पत्रे पाठवत आहोत. दिवाळीनंतर, कापूस वेचणीतून थोडी उसंत मिळाली की, आट्यापाट्या आणि खो-खो यांचे सामने पांढुर्ण्यात भरवावेत, पुढच्या वर्षी नरखेडला, त्यापुढे वरूडला. सावरगावचा संघ वेगळा असेल. त्यांनी तशी अट आधीच घातली आहे. पेढे खाणाऱ्या त्या सद्गृहस्थांना पंच होण्याची विनंती केली आहे, आणि त्यांनी ती नाकारलेली नाही.