अवजलावरचे साहस आणि मूळ पाण्याचा हिशेब

पुण्या-मुंबईच्या कार्यालयांतून शुक्रवारी संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या तरुण मंडळींच्या बोलण्यात अलीकडे कोलाडचे नाव वारंवार येते. रायगड जिल्ह्यातील, मुंबई-गोवा महामार्गावरचे हे गाव गेल्या दोन दशकांत साहसी खेळांचे ठिकाण म्हणून नावारूपास आले आहे. कुंडलिका नदीच्या फेसाळत्या पात्रातून रबरी तराफ्यात बसून सुमारे बारा किलोमीटर वाहत जायचे, दोराला लटकून नदी ओलांडायची, रात्री काठावरच्या तंबूंपुढे शेकोटीभोवती गाणी म्हणायची आणि रविवारी दिवेलागणीला घरी परतायचे, असा हा दीड-दोन दिवसांचा कार्यक्रम असतो. वीस-पंचवीस जणांचा गट, भाड्याची बस, माणशी काही हजार रुपये. जाहिरातीत दोन शब्द हमखास आढळतात : ‘निसर्ग’ आणि ‘साहस’. हे दोन्ही शब्द चुकीच्या सातबाऱ्यावर चढवले गेले आहेत, असे माझे म्हणणे आहे. कोलाडला जे विकले जाते ते एका वीजकेंद्रातून बाहेर पडणारे अवजल आहे. आणि ज्याला साहस म्हटले जाते त्याची खरी किंमत गिऱ्हाइकाने नव्हे, तिसऱ्याच माणसांनी मोजली आहे. हा हिशेब मांडल्यावाचून या सहलीचे अर्थशास्त्र पुरे होत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करू. समाजवादी माणसाला दुसऱ्याचा आनंद पाहवत नाही, असा एक आवडता आक्षेप असतो. वस्तुस्थिती उलट आहे. विश्रांतीचा हक्क ही कामगार चळवळीचीच कमाई आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि सभा, अर्ज, आंदोलने यांच्या बळावर १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. आज संगणकापुढे बसणारा पदवीधर जो शनिवार-रविवार आपला म्हणून खर्च करतो, त्याच्या मुळाशी सूतगिरणीतल्या अशिक्षित माणसांची ती झुंज आहे. तेव्हा सुट्टीला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. विरोध आहे तो सामुदायिक लढ्यातून मिळालेली सुट्टी बाजाराच्या स्वाधीन होण्याला. आणि अलीकडे तर सुट्टीही पुरती सुट्टी राहिलेली नाही. संघभावना वाढावी म्हणून कंपनीच आपल्या नोकरांना शनिवारी तराफ्यावर बसवते. न जाण्याची मुभा कागदोपत्री असते. पण वरिष्ठ स्वतः वल्हे हाती घेऊन बसला असता घरी राहण्याचे धैर्य किती जणांना होईल? सोमवारी अधिक काम करून घेण्यासाठी रविवार खर्ची घालायचा आणि त्याला करमणूक म्हणायचे, ही लोखंड्यांच्या रविवारची चोरवाटेने केलेली परतफेड आहे.

आता पाण्याकडे वळू. पुण्याहून कोलाडला जाणारी बस पौड, मुळशी आणि ताम्हिणी घाट या मार्गाने कोकणात उतरते. वाटेत मुळशीचा विस्तीर्ण जलाशय लागतो. बस थांबते, छायाचित्रे निघतात, चहा होतो. ज्या पाण्यावर आपण उद्या सकाळी तरंगणार आहोत ते हेच, याची जाणीव त्या गटात क्वचितच कोणाला असते. मुळा नदी स्वभावतः पूर्वेला वाहणारी. तिचे पाणी मुठेला मिळून भीमेत आणि भीमेतून सोलापूरच्या दिशेने जायचे. टाटा कंपनीने ते मुळशीला अडवले, सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे पाचशे मीटर खाली भिरा येथे सोडले आणि १९२७ पासून त्यावर वीज निर्माण करून ती मुंबईला पुरवली. जनित्रे फिरवून बाहेर पडलेले पाणी म्हणजे अवजल. ऐंशीच्या दशकात राज्य शासनाने या अवजलावर आणखी एक वीजकेंद्र उभारले. तेथून ते रवाळज्याखाली कुंडलिकेच्या पात्रात येते आणि पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत वळते.

कोकणातल्या नद्या शिमगा उलटला की आटू लागतात. कुंडलिका मात्र वैशाखातही उसळते, ती या अवजलामुळे. तराफे सकाळीच का सुटतात? सकाळी पाणी सोडले जाते म्हणून. पाणी सुटले नाही त्या दिवशी कितीही शूर गट आला तरी तराफा जागचा हलत नाही. नदीच्या या ‘बेभान’ प्रवाहाला वेळापत्रक आहे, आणि ते वीजनिर्मितीच्या गरजेनुसार ठरते.

मुळशीचे धरण कसे झाले हे या महाराष्ट्रात तरी सांगावे लागू नये. पण विस्मरण हा सध्याचा स्थायीभाव असल्याने सांगतो. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा वरवंटा फिरवून परक्या सरकारने एका खाजगी कंपनीसाठी मावळ्यांच्या भातजमिनी घेतल्या. सुमारे पन्नास गावांवर हे संकट आले. १९२१ च्या रामनवमीला, १६ एप्रिल रोजी, शेतकऱ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह आरंभला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. विनायकराव भुस्कुटे यांनी त्याची संघटना बांधली. बायाबापड्या तुरुंगात गेल्या. १९२४ च्या अखेरीस कामाची आगगाडी अडवल्याबद्दल बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला. तो मोडण्यास दडपशाहीइतकेच आणखी एक कारण घडले. पुष्कळशा जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. त्यांना जमिनीपेक्षा नुकसानभरपाईत रस होता. कसणाऱ्याचे शेत बुडाले, कागद बाळगणाऱ्याला रोकड मिळाली. कोयनेपासून नर्मदेपर्यंत पुढे जे घडले त्याची नांदी अशी मुळशीच्या काठावर झाली.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे रिकार्डोचे स्मरण होते. १८१७ साली त्याने खंडाची मीमांसा केली, तिचा इत्यर्थ असा की जमिनीच्या उपजत गुणांमुळे जे आधिक्य निर्माण होते ते मालकाच्या श्रमाचे फळ नसते; मालकी त्याच्याकडे आहे एवढ्याच कारणाने ते त्याच्या पदरात पडते. कुंडलिकेचा उसळता प्रवाह हे असेच आधिक्य आहे. तो आयोजकाने निर्माण केलेला नाही. त्याने तराफा आणला, वल्ही आणली, जाहिरात केली. याचा रास्त मोबदला त्याला जरूर मिळावा. परंतु बारमाही पाण्यामुळे येथे येणारी जी जादा कमाई आहे, तिच्यामागे मुळशीकरांची बुडालेली शेते आहेत, भीमाखोऱ्याने गमावलेले पाणी आहे आणि करदात्यांच्या पैशाने बांधलेले वीजकेंद्र आहे. या तिघांचा त्या कमाईत वाटा किती? २०१५-१६ च्या दुष्काळात भीमाखोऱ्यातून मागणी झाली की पश्चिमेला वळवलेले पाणी आम्हांस परत द्या. तेव्हा विजेचा प्रश्न पुढे आला. तो खराही आहे. पण पाण्याची किंमत वीज आणि शेती अशा दोन रकान्यांत मांडली जात असताना करमणुकीचा तिसरा रकाना गाजावाजा न होता भरत राहिला, आणि त्याचे भाडे कोणी मागितलेच नाही.

जोखमीचेही तसेच. कुंडलिकेचा हा टप्पा दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचा समजला जातो. गिऱ्हाइकाच्या अंगावर तरंगते जाकीट, डोक्यावर शिरस्त्राण आणि तराफ्याच्या मागच्या टोकाला वाटाड्या असतो. गिऱ्हाईक वर्षातून एकदा हा थरार अनुभवते. वाटाड्या दिवसामागून दिवस तेच पाणी कापतो. यांतले काही नेपाळ-उत्तराखंडातून आलेले, काही आसपासच्या गावांतले. त्यांच्यापैकी किती जणांच्या नावे भविष्यनिर्वाह निधीचे खाते आहे? खांदा निखळला, पाठ गेली, तर घर कोण चालवणार? राज्य शासनाने २०१८ मध्ये साहसी खेळांच्या सुरक्षिततेबाबत निर्णय काढला, २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यांचा भर आयोजकांच्या नोंदणीवर आणि पर्यटकाच्या सुरक्षिततेवर आहे. ते आवश्यकच, पण तराफ्यावर जो रोज बसतो तोही माणूस आहे. आणि अपघात घडतो तेव्हा दरीत कोण उतरते? जुलै २०२४ मध्ये माणगाव तालुक्यातील कुंभे धबधब्यापाशी एक पर्यटक दरीत कोसळली, तेव्हा भर पावसात दोर बांधून उतरले ते कोलाडसह परिसरातल्या बचाव पथकांचे स्वयंसेवक. या तरुणांना कोणी वेतन देत नाही. साहस हा शब्द वापरायचाच असेल तर तो तेथे वापरावा.

उरली जमीन. कुंडलिका जिथे समुद्राला मिळते त्या अलिबाग तालुक्यात, जिल्ह्याचे नाव कुलाबा होते तेव्हा, चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांविरुद्ध संप केला. जमिनी पडीक ठेवल्या, उपासमार सोसली, पण खोताच्या शेतात नांगर घातला नाही. खोती गेली, कुळकायदा आला, कसणारा मालक झाला. आज त्याच जिल्ह्यात नदीकाठची जमीन गुंठ्यागुंठ्याने शहरी खरेदीदाराकडे जात आहे. तेथे कुंपण पडते, फाटकावर रखवालदार बसतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या नदीवर मासे धरणाऱ्या कातकऱ्याला पाण्याकडे जाण्याची वाट बंद होते. पूर्वीचा खोत निदान पिकाचा हिस्सा मागण्यासाठी कुळाचे तोंड पाहत असे. नव्या मालकाला कुळाची गरजच उरलेली नाही.

यावर ठरलेले उत्तर येते : ‘पण रोजगार तर मिळतो ना?’ मिळतो, हे मी नाकारत नाही. स्वयंपाकीण, सफाईवाला, गाडीवान, वाटाडे यांच्या घरी त्यामुळे चूल पेटते. परंतु रोजगार हा शब्द उच्चारताच पुढचे सर्व प्रश्न गैरलागू ठरतात, हा युक्तिवाद गिरणीमालकांनीही लोखंड्यांपुढे केला असता. प्रश्न रोजगार आहे की नाही एवढाच नसतो. कोणत्या अटींवर, कोणाच्या मालकीत आणि कोणत्या साधनसंपत्तीच्या बदल्यात, हा असतो. ज्या गावात शेतकऱ्याचा मुलगा आपल्याच विकलेल्या शेतात तंबू ठोकण्याच्या मजुरीवर राहतो, त्या गावाचा विकास झाला असे म्हणायला अर्थशास्त्र नव्हे, निर्ढावलेपण लागते. दुसरे उत्तर असे की गिऱ्हाईक कर भरतेच. भरते, पण तो दिल्ली-मुंबईच्या तिजोरीत जातो. सोमवारी सकाळी काठावरचा कचरा उचलावा लागतो तो ग्रामपंचायतीला.

तेव्हा करावे काय? सहली बंद करा, असे माझे म्हणणे नाही. मागण्या साध्या आहेत. प्रत्येक तराफाफेरीवर पाण्याचा उपकर बसवावा आणि त्यातून कुंडलिकाकाठच्या ग्रामपंचायतींना व मुळशीच्या धरणग्रस्त गावांना हिस्सा द्यावा. शंभर वर्षे उशिरा का होईना, या पाण्यावर त्यांचा काही हक्क आहे याची ती कबुली ठरेल. तराफे चालवण्याचे परवाने देताना स्थानिक तरुणांच्या, विशेषतः कातकरी तरुणांच्या, सहकारी संस्थांना अग्रक्रम द्यावा. त्यांना प्रशिक्षण आणि भांडवल शासनाने पुरवावे. प्रत्येक वाटाड्याचा विमा आणि भविष्यनिर्वाह निधी ही परवान्याची अट असावी. नदीकडे जाणारी पूर्वापार वाट कोणत्याही कुंपणाने बंद होता कामा नये. बचाव पथकांना साधने आणि मानधन मिळावे. आणि ज्या कंपनीला आपल्या नोकरांत संघभावना जागवायची आहे तिने ती कामाच्या दिवशी, पगारी वेळेत जागवावी. रविवारला हात लावू नये.

यातली एकही मागणी क्रांतिकारक नाही. सहकार, उपकर, विमा आणि वाटेचा हक्क या गोष्टी महाराष्ट्राला नव्या नाहीत. तरीही त्या सहजासहजी मान्य होतील या भ्रमात कोणी राहू नये. कारण ज्यांना हिस्सा द्यावा लागेल ते संघटित आहेत आणि ज्यांना तो मिळायचा आहे ते घाटाच्या वर आणि खाली विखुरलेले आहेत. मुळशीचा धरणग्रस्त, कुंडलिकेचा वाटाड्या आणि शनिवारी सक्तीने तराफ्यावर बसलेला नोकरदार या तिघांना आपण एकाच पाण्याने जोडलेले आहोत हे अजून उमगायचे आहे. ते उमगून देणे हे आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे. लोखंड्यांच्या कामगारांना रविवार कोणी दानात दिला नव्हता. कुंडलिकेच्या पाण्याचा हिस्साही दानात मिळणार नाही.